देवाचा दरबार

मुलांनो, जुन्नर तालुक्यातील आळेफाटा तुम्ही पाहिला असेल. आंबेगावची मुले मंचर, नारायणगावमार्गे तेथे येतात. या फाट्यावरून पूर्वेकडे जाणारा रस्ता अहमदनगरला जातो. २०२४ पासून त्या शहराचे नाव अहिल्यानगर आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तेथे नारायण वामन टिळक नावाचे कवी राहत होते. लोकमान्य टिळक वेगळे, हे वेगळे, बरे का! यांनी फुलांवर आणि मुलांवर सुंदर कविता लिहिल्या.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण घरात झाला. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबलचा नवा करार वाचायला दिला. त्यांनी तो वाचला, खूप विचार केला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

आता विचार करा, त्या काळी याचे काय परिणाम झाले असतील? नातेवाइकांची दारे बंद झाली. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहान मुलगा दत्तू काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिले. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या. पण त्यांनी सोवळे सोडले नव्हते. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून हळूहळू जातपात सोडली आणि १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

नगर भागात ख्रिस्ती झालेल्यांपैकी पुष्कळजण अस्पृश्य मानलेल्या जातींतले होते. गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवले होते. टिळक त्यांच्याबरोबर बसले, जेवले, त्यांचे झाले. टिळकांच्या घराचे दारही उघडे असे. प्रसिद्ध कवी बालकवी ठोमरे ख्रिस्ती नव्हते, तरी ते काही काळ त्या घरात मुलासारखे राहिले.

टिळकांना एक गोष्ट मात्र खटकत असे. चर्चमध्ये गाणी मराठी, पण चाली परदेशी. साधा शेतकरी तेथे पाहुण्यासारखा अवघडून बसे. म्हणून टिळकांनी शेकडो अभंग, पदे आणि भजने लिहिली. टाळ-मृदंगाच्या साथीने उपासना होऊ लागली. परके वाटणारे घर लोकांना आपले वाटू लागले.

तरीही त्यांचे समाधान झाले नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. दरबार हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. राजाच्या दरबारात मानकऱ्यांनाच जागा मिळते. पण या दरबारात येशूवर प्रेम करणारा कोणीही येऊ शकत असे. त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, सर्वांना जागा होती. हा विचार चर्चमधील काहींना पटला नाही. बाप्तिस्म्याशिवाय माणूस आपला कसा, असे त्यांना वाटे. टिळक मात्र आपल्या मतावर ठाम राहिले. बंद दारासमोर उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. दरबाराला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते; ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. मराठी चर्चमध्ये टिळकांची भजने आजही गायली जातात.

मुलांनो, तुमच्या वर्गात एखादा नवा मुलगा येतो. त्याची भाषा वेगळी असते, कपडे साधे असतात. तो दारात घुटमळतो. तुमच्या बाकावर त्याला जागा आहे का?