श्रवणाचे व्रत : पंडित माधवराव सप्रे

ग्वारीघाटावर नर्मदामैयाची सायंआरती आटोपली की गर्दी पांगते. पैलतीरावरील गुरुद्वाऱ्याचे दिवे पाण्यात उतरतात आणि पायऱ्यांच्या एखाद्या कोपऱ्यात कोणी बुवा पोथी सोडून बसतात. समोर श्रोते असतात चार-पाचच. नागपूर-पुण्याकडून आलेल्या पाहुण्यांना आम्ही हा घाट दाखवावयास नेतो, आणि परतताना बहुधा विचारणा होते, की इतक्या दूरच्या या मुलखात मराठी माणसाने केले तरी काय? अशा वेळी आम्हांस पंडित माधवराव सप्रे यांचे चरित्र सांगावेसे वाटते. हिंदी जगात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आपल्या मराठी घरांत मात्र ते सांगावे लागते, ही थोडी खंतावण्यासारखी गोष्ट आहे.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. मातृभाषा मराठी, शिक्षण बिलासपूर, रायपूर, जबलपूर असे ठिकठिकाणी. सरकारी नोकरीची वाट मोकळी असता त्यांनी ती धरली नाही. पेंड्रा येथील राजकुमारांचे शिक्षक म्हणून मिळणाऱ्या वेतनाच्या आधारावर त्यांनी जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. ते जेमतेम तीन वर्षे चालले. पुढे १९०७ च्या एप्रिलमध्ये नागपुरातून त्यांनी ‘हिंदी केसरी’ सुरू केला आणि लोकमान्यांचे विचार हिंदी मुलखाच्या कानी नेले. ज्यांनी पुण्यातील सभा कधी पाहिली नाही, मराठीचे अक्षर ज्यांना लागत नाही, अशा वाचकांपर्यंत स्वदेशी आणि बहिष्काराची हाक पोहोचली. सरकारने ती ऐकली नसती तरच नवल.

१९०८ च्या जुलैत लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये माधवरावांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. येथे चरित्रकाराची लेखणी थबकते. वडील बंधूंच्या व आप्तांच्या निकराच्या आग्रहापुढे माधवराव नमले. त्यांनी क्षमापत्रावर सही केली आणि ते सुटून आले. गौरवग्रंथांत असे प्रसंग झाकून ठेवण्याची रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही, कारण पुढील अठरा वर्षांचे मर्म याच प्रसंगात आहे. ज्यांच्या शब्दाने इतरांना धीर दिला, त्यांचाच शब्द ऐन वेळी डळमळला. लोकांनी बोल लावला. त्याहून अधिक त्यांनी स्वतःला लावला.

माधवरावांनी आपल्या वर्तनाचे समर्थन करीत सभा घेतल्या नाहीत. ते वर्ध्याजवळील हनुमानगडावर श्रीधर विष्णु परांजपे यांच्याकडे गेले. तेथे वर्षाहून अधिक काळ मधुकरी मागून राहिले आणि दासबोधाची पारायणे केली. दासबोधाचे वीस दशक, दोनशे समास. त्याच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे निरूपण आहे आणि त्यातील पहिला समास श्रवणाचा आहे; कीर्तन त्यानंतर येते. बोलण्याआधी ऐकणे हा क्रम समर्थांनी घातलेला. नामांकित संपादकाने तो क्रम, दारोदार झोळी घेऊन, पुन्हा पहिल्यापासून गिरवला. आम्हांस वाटते, एवढे धैर्य तुरुंगात जाण्यासही लागत नसावे. पण हे आमचे मत झाले.

या श्रवणातून जे निघाले ते मोजण्याजोगे आहे. त्यांनी दासबोध हिंदीत आणला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले व १९१५ मध्ये छापून आलेले ‘गीतारहस्य’ हिंदी वाचकांना मिळाले तेही त्यांच्याच लेखणीतून. चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरील ग्रंथही त्यांनी अनुवादिला. अनुवाद म्हणजे तरी काय? दुसऱ्याचे बोलणे इतके नीट ऐकावयाचे, की ते आपल्या तोंडून जसेच्या तसे उमटावे. उसनवारीचे काम म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांनी गीतारहस्याचे एक प्रकरण तरी हिंदीत करून पाहावे.

मग जबलपूर. जानेवारी १९२० मध्ये येथून ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले. त्यामागील प्रेरणा माधवरावांची. पण संपादकाच्या खुर्चीवर त्यांनी बसविले माखनलाल चतुर्वेदी यांना. ‘हिंदी केसरी’च्या काळापासून या तरुणाचे लेखन माधवरावांच्या नजरेत होते. सागरजवळील रतौना येथे मोठा कत्तलखाना उभारण्याचा सरकारी बेत ‘कर्मवीर’ने उठविलेल्या लोकमतापुढे मागे घ्यावा लागला. १९२१ मध्ये बिलासपूर येथील एका भाषणावरून माखनलालजींवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना कारावास झाला. तेराच वर्षांपूर्वी त्याच आरोपाने ज्यांचे आयुष्य उलथले होते, त्या माधवरावांना ही बातमी ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठी गृहस्थास मिळाले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे देहावसान झाले. भोपाळमध्ये १९८४ साली स्थापन झालेले वृत्तपत्रांचे संग्रहालय त्यांच्याच नावाचे आहे.

आमच्या मंडळात गुरुवारी दासबोधाचे वाचन होते. शेजारची हिंदीभाषक मंडळीही येऊन बसतात. त्यांच्या मांडीवर सप्र्यांची हिंदी प्रत असते, आमच्या मांडीवर मूळ पोथी, आणि समास संपेपर्यंत दोन्हींची पाने मागेपुढे उलटत राहतात.