डॉ. कमल रणदिवे

बोटाला कापले, तर रक्त गोठते आणि काही दिवसांत जखम भरून येते. जखमेच्या जागी काही सूक्ष्म पदार्थ पेशींना वाढण्याचा संकेत देतात. त्यांना वृद्धिकारक घटक म्हणतात. जखम भरली, की ही वाढ थांबते. मात्र पेशींची वाढ थांबलीच नाही, तर कर्करोग होतो. वाढीचे हे बिघडलेले गणित उलगडण्यासाठी डॉ. कमल रणदिवे यांनी आयुष्य वेचले.

कमल यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थ कुटुंबात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागा शाळेत शिकलेल्या कमल यांनी मात्र वनस्पतिशास्त्राची वाट धरली. १९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्या मुंबईस आल्या. तेथे टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करताना डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्याकडे त्या ऊतिसंवर्धन शिकल्या. शरीरातील पेशी काचपात्रात जिवंत ठेवून वाढवण्याचे हे तंत्र होय. अशा पेशींना केवळ साखर व क्षार पुरत नाहीत. रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रावही त्यांना लागतो. कारण जखम भरून काढणारे वृद्धिकारक घटक त्यात असतात. अशा घटकांच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन व रीटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मायदेशी परतल्यावर डॉ. रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांवर प्रयोग करून त्यांनी स्तनांच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांच्याशी असलेला संबंध दाखवून दिला. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राचे संचालकपद सांभाळले. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी संशोधन केले. विज्ञानक्षेत्रातील स्त्रियांना आधार मिळावा, म्हणून १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान लाभला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज स्तनांच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत वाढीचा संकेत अडवणारी औषधे दिली जातात. अशी औषधे प्रथम काचपात्रातील पेशींवरच पारखली जातात. त्या तंत्राची पायवाट आपल्या देशात डॉ. रणदिवे यांनी घातली.