मुलाच्या प्रश्नापुढे थांबलेला बाप : सुभेदार रामजी सकपाळ

बाबासाहेबांचे वडील एवढीच रामजी मालोजी सकपाळ यांची ओळख आपण बहुधा सांगतो. पण देशातल्या घडामोडींकडे डोळसपणे पाहायला मुलांना घरी कसे शिकवावे, हे त्यांच्या आयुष्यातूनही शिकता येते.

रामजींचे मूळ गाव कोकणातले आंबडवे. वडील मालोजी लष्करात होते, रामजीही लष्करात गेले. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकून ते शिक्षक झाले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. समाजाच्या भाकरीचा आणि इज्जतीचा रस्ताच बंद झाला. रामजी गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेऊन त्यांनी सरकारकडे अर्ज करण्याची खटपट केली. सरकारचा निर्णय समजून घ्यायचा आणि त्याला लेखी उत्तर द्यायचे, ही या घराची रीत होती.

१८९६ मध्ये साताऱ्यात भीमाबाई गेल्या. पुढे रामजी मुलांना घेऊन मुंबईत परळच्या डबक चाळीत आले. खोली एकच. भीमरावांना ते संध्याकाळी लवकर झोपवत आणि पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवत. तर्खडकरांच्या भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून पक्क्या करून घेतल्या. पुस्तकांसाठी मुलींकडून पैसे आणले, वेळेला त्यांचे दागिने गहाण ठेवले.

रामजी कबीरपंथी होते. रामायण-महाभारताचे भाग मुलांकडून ते घरात मोठ्याने वाचून घेत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. ते वाचून भीमरावांनी वडिलांना विचारले की, बौद्ध साहित्य आम्हाला का दाखवले नाही? ज्या ग्रंथांत शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगितली आहे, ते वाचायला का लावता?

रामजी कडक शिस्तीचे होते. आधी त्यांनी मुलाला दटावले. मुलाने पुन्हा विचारले, तेव्हा काही दिवसांनी त्यांनी उत्तर दिले : आपल्या लोकांच्या मनातला न्यूनगंड जावा म्हणून. द्रोण, कर्ण लहान स्थितीतून वर आले, वाल्मीकी तर कोळी होता. मुलाला ते पटले नाही आणि त्याने तसे स्पष्ट सांगितले. सुभेदार गप्प राहिले. वाद जिंकण्यासाठी त्यांनी बापपणाचा धाक वापरला नाही.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे मुंबईत निधन झाले. ‘मूकनायक’ १९२० मध्ये निघाला, तो पाहायला ते नव्हते.

आज आपल्या घरात बातम्या मोबाईलवर सतत येतात. आरक्षण, अत्याचार, निवडणूक यांवर मूल काही विचारते आणि आपण म्हणतो, तू आधी अभ्यास कर. रामजीही पहिल्यांदा तेच म्हणाले होते. फरक इतकाच की ते तिथेच थांबले नाहीत. मुलाने दुसऱ्यांदा विचारले तर उत्तर द्या, आणि ते त्याला पटले नाही तर तेही ऐकून घ्या.

जयभीम!