केळुसकर गुरुजी : बाबासाहेबांचा हात धरणारा शिक्षक

१४ ऑक्टोबर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नागपूरची दीक्षाभूमी उभी राहते. पण १९५६ च्या त्या दिवसाच्या बरोबर २२ वर्षे आधी, १४ ऑक्टोबर १९३४ रोजी, एका माणसाने जगाचा निरोप घेतला होता. बुद्धाचे चरित्र बाबासाहेबांच्या हातात प्रथम ठेवणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर ते हेच. दीक्षादिनाच्या धामधुमीत त्यांचे स्मरण राहून जाते. आमच्याकडूनही ते राहिले आहे.

गुरुजींचा जन्म २० ऑगस्ट १८६० चा, वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचा. पुढे ते मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. संत तुकारामांचे चरित्र त्यांनी लिहिले, छत्रपती शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र लिहिले, आणि १८९८ साली मराठीत गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले. तेव्हा लहानगा भीमराव सात वर्षांचा होता.

दोघांची गाठ पडली ती चर्नी रोडच्या बागेत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजींचे सारे कुटुंब, तिथे अभ्यासाला जागा कुठली? एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा हा मुलगा बागेत येऊन एकटाच वाचत बसे. गुरुजीही तिथे वाचायला येत. रोज दिसणाऱ्या मुलाची त्यांनी चौकशी केली, काय वाचतोस ते विचारले. मग ते त्याला आपल्याजवळची पुस्तके देऊ लागले, काय वाचावे हे सांगू लागले. हा मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हता, त्यांच्या जातीचा तर नव्हताच. त्या काळात एवढी चौकशी करणेही सोपे नव्हते.

आजच्या भाषेत याला मेंटॉरिंग किंवा करिअर कोचिंग म्हणतात. मोठ्या कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांसाठी पैसे मोजून असे मार्गदर्शक नेमतात, कारण हुशारी असूनही माणूस एका पायरीवर अडून बसतो आणि पुढची पायरी दाखवायला बाहेरचा डोळा लागतो हे त्यांना कळले आहे. आपल्या वस्त्यांत क्लासेस पुष्कळ झाले. क्लास परीक्षेपुरता असतो. परीक्षेनंतर काय, हे विचारणारे कोणी मुलांना भेटते का?

भीमरावाच्या यशाबद्दल समाजाने सभा भरवायचे ठरवले तेव्हा रामजींचा त्याला विरोध होता. कौतुकाने पोराच्या डोक्यात हवा जाईल, ही बापाची भीती. शेवटी लोकांनी गुरुजींना मध्ये घातले, कारण ते रामजींचे स्नेही होते. त्यांनी समजूत काढली आणि सभा झाली. चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकचा सांगतात (७५० पैकी २८२ गुण होते). स्वतः बाबासाहेबांनी लिहिताना इंग्रजी चौथीचा सांगितला आहे. परीक्षा कोणतीही असो, त्या सभेत गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले.

अशा सभा आपणही घेतो. दर जूनमध्ये दहावी-बारावीच्या मुलांना बोलावतो, ट्रॉफी देतो, फोटो काढतो. आमच्याच एका कार्यक्रमात सत्कार झालेली मुलगी पुढे परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जाची चौकशी करत आली, तेव्हा आमच्यातल्या एकालाही धड सांगता आले नाही. ट्रॉफीवर मात्र तिचे नाव अचूक कोरले होते.

गुरुजींचे खरे काम त्या सभेनंतरचे आहे. भीमराव इंटरमीजिएट झाला आणि रामजींचे पैसे संपले. पुढचे शिक्षण थांबणार हे दिसत होते. बडोद्याचे सयाजीराव महाराज अस्पृश्य समाजातल्या होतकरू विद्यार्थ्याला मदत करण्याचे जाहीरपणे बोलले होते. बोलणे सभेत झालेले. त्याची आठवण करून द्यायला कोणीतरी महाराजांपर्यंत जायला हवे होते. चाळीतला एक तरुण कसा जाणार? गुरुजींनी शब्द टाकला, भेट ठरवली आणि भीमरावाला बरोबर नेले. उत्तरे मात्र भीमरावालाच द्यायची होती. महाराजांनी प्रश्न विचारले, त्यांचे समाधान झाले आणि महिना २५ रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली. त्यातून बी. ए. झाले. त्याच बडोद्याच्या मदतीने बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

गुरुजींना प्रत्येक वेळी यश आले असेही नाही. १९१७ साली बाबासाहेब करारानुसार बडोद्यात नोकरीला गेले. तिथे त्यांना राहायला जागा मिळेना, कचेरीत अपमान होई. ते मुंबईला परतले तेव्हा गुरुजींनी पुन्हा धडपड केली. बडोद्यातल्या आपल्या ओळखीच्या एका प्राध्यापकाला त्यांनी राजी केले. तो बाबासाहेबांना पैसे घेऊन घरी ठेवणार होता. बाबासाहेब गाडीने बडोद्याला उतरले, तर स्टेशनवरच निरोप मिळाला की प्राध्यापकाच्या पत्नीची तयारी नाही. आल्या पावली परत फिरावे लागले. जगातल्या नामांकित विद्यापीठातून शिकून आलेल्या माणसाची ही गत! गुण होते, पदवी होती, पाठीशी गुरुजींसारखा माणूसही होता, तरी जातीपुढे काही चालले नाही. मार्गदर्शक मिळाला की सगळे मिळाले असे सांगणाऱ्या शिबिरांत हा प्रसंग सांगत नाहीत.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा गुरुजींना जाऊन वर्ष पुरे व्हायला एकच दिवस उरला होता. घोषणाही त्यांना ऐकायला मिळाली नाही, दीक्षाही पाहायला मिळाली नाही.

१९५६ साली बाबासाहेबांनी आपल्या बुद्धावरील ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली. आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना त्यांनी त्या सभेबद्दल, वडिलांच्या विरोधाबद्दल आणि दादा केळुसकरांनी दिलेल्या पुस्तकाबद्दल लिहिले. ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये निघाला, आणि त्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना छापलीच गेली नाही.