गॅरी गायगॅक्स : स्वतःच्याच खेळाबाहेर राहिलेला माणूस

लेव्हल, हिट पॉइंट, एक्सपीरियन्स पॉइंट हे शब्द आपण मेसमध्ये जेवतानासुद्धा सहज वापरतो. पण ते ज्या कागदी खेळामुळे जगभर रूढ झाले, तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याचा एक जनक गॅरी गायगॅक्स यांच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही. मला या माणसात रस वाटला तो एका प्रश्नामुळे. एखादी गोष्ट सर्वांना मोफत वाटायची परवानगी असेल, तर ती वाटताना आपली काही जबाबदारी उरते का?

गॅरीचा जन्म 27 जुलै 1938 रोजी शिकागोत झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक. गॅरी आठ वर्षांचा असताना कुटुंब विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावी राहायला गेलं. पुढे पठ्ठ्याने शाळा अर्धवट सोडली आणि विमा कंपनीत नोकरी धरली. खरा जीव मात्र युद्धखेळांत, म्हणजे टेबलावर सैनिक मांडून लढाया खेळण्यात. 1968 मध्ये त्याने गावातला एक हॉल 50 डॉलर भाड्याने घेऊन खेळाडूंचा मेळावा भरवला. तोच आजचा प्रसिद्ध ‘जेन कॉन’. 1970 मध्ये नोकरी गेली. मग घरीच बूट दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहायचे, असं सुरू झालं.

1971 मध्ये जेफ पेरेनबरोबर लिहिलेलं ‘चेनमेल’ निघालं. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनने हे नियम घेऊन त्यावर आपलं भलतंच काही रचलं. प्रत्येकाने सैन्य न घेता एकच पात्र घ्यायचं, भुयारात शिरायचं आणि अनुभवागणिक ते पात्र वाढवत न्यायचं! 1972 च्या अखेरीस त्याने हा खेळ गॅरीला दाखवला. आर्नेसनच्या वीसेक पानी टिपणांवरून गॅरीने दीडशे पानांचा मजकूर तयार केला. प्रकाशक मिळेना, म्हणून मित्र डॉन के याच्याबरोबर प्रत्येकी हजार डॉलर घालून 1973 मध्ये टीएसआर ही कंपनी काढली. जानेवारी 1974 मध्ये 10 डॉलरला एक संच, अशा हजार प्रती बाजारात आल्या. घरीच बसून खोक्यांत भरलेल्या! वर्षाच्या आत त्या संपल्या. ज्यांना मिळाल्या नाहीत किंवा परवडल्या नाहीत, त्यांनी झेरॉक्स काढून खेळ चालू ठेवला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा खेळ उसनवारीतूनच उभा राहिला होता. आर्नेसनने गॅरीचं घेतलं, गॅरीने आर्नेसनचं घेतलं, आणि दोघांनी टॉल्किनसारख्या लेखकांचं घेतलं. 1977 मध्ये टॉल्किनचे हक्क असलेल्यांची नोटीस आली आणि खेळातल्या ‘हॉबिट’चं नाव ‘हाफलिंग’ करावं लागलं. 1979 च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात गॅरीने स्फूर्ती देणाऱ्या लेखकांची आणि पुस्तकांची यादीच छापली. मला ती फार आवडते. पण त्याच सुमारास निघालेल्या नव्या आवृत्तीवर लेखक म्हणून नाव होतं ते एकट्या गॅरीचं. आर्नेसन कोर्टात गेला. 1981 मध्ये तडजोड झाली आणि त्याला रॉयल्टी मिळू लागली.

कंपनी मोठी होत गेली तशी भूमिकाही कडक झाली. आम्ही छापू तेच नियम खरे, असा गॅरीचा सूर लागला. आणि मग फासे उलटे पडले. 1985 मध्ये भागीदारांच्या शेअर्सची विक्री झाली, कंपनीची सूत्रं दुसऱ्याच्या हाती गेली आणि पुढच्या वर्षी गॅरी बाहेर पडला. 1992 मध्ये त्याने ‘डेंजरस जर्नीज’ हा नवा खेळ काढला, तर त्याच्याच जुन्या कंपनीने त्याच्यावर दावा ठोकला! 1994 मध्ये तडजोड झाली आणि तो खेळही कंपनीने विकत घेतला.

1997 मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने टीएसआर घेतली आणि 2000 मध्ये ‘ओपन गेम लायसन्स’ आणलं. आपल्या भाषेत सांगायचं तर खेळाचे मूळ नियम घ्या, बदला, छापा, विका किंवा फुकट वाटा. अटी मोजक्याच. लायसन्सची प्रत सोबत जोडा, कंपनीने राखून ठेवलेली खास नावं वापरू नका, आणि ज्यांच्याकडून मजकूर घेतला त्या सर्वांची कॉपीराइट नोंद पुढे न्या. या दारातून गॅरी परत आला. 2002 मध्ये त्याचं ‘नेक्रोपोलिस’ खुल्या नियमांनुसार नव्याने निघालं. 2005 मध्ये आपल्या जुन्या किल्ल्यावरचं पुस्तकही आलं, पण ‘ग्रेहॉक’ हे नाव कंपनीचं होतं. म्हणून किल्ल्याचं नाव पडलं ‘झॅगिग’, म्हणजे त्याच्याच आडनावाची उलटापालट. 4 मार्च 2008 रोजी तो लेक जिनिव्हातच वारला.

जानेवारी 2023 मध्ये हे लायसन्स आवळण्याचा बेत बाहेर फुटला, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी एवढा गोंधळ घातला की कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. म्हणजे नाव देऊन कुणीही वापरावेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खुले नियम मित्राला देणं आणि विकत मिळणाऱ्या पुस्तकाची स्कॅन कॉपी अख्ख्या विंगमध्ये फिरवणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीला परवानगी आहे, दुसरीला नाही. खरी अडचण मधल्या जागेत आहे. समजा, दोन पोरांनी वर्षभर खपून एक पुस्तिका काढली आणि तिचा मजकूर खुला ठेवला. दुसऱ्याच दिवशी कुणी तो जसाच्या तसा फुकट टाकला, तर लायसन्स त्याला अडवत नाही. मला मात्र ते पटत नाही. हवा तो भाग घ्यावा, त्यात आपली भर घालावी, नाव ठळक द्यावं आणि छपाईचा खर्च निघेपर्यंत त्या पोरांना थोडा वेळ द्यावा. कोणी म्हणेल, मग खुलं ठेवलंच कशाला? तर पुढच्याला त्यावर काही नवं बांधता यावं म्हणून.

सीनियरच्या नोट्स, प्रोजेक्टचा सोर्स कोड, सगळ्यांना हेच लागू आहे. पुढच्या बॅचला जरूर द्या, पण पहिल्या पानावरचं नाव खोडू नका. गॅरीने एकदा आर्नेसनचं नाव वगळलं, आणि पुढे स्वतःच्या किल्ल्याला जुनं नाव देणं त्यालाही जमलं नाही.