वैद्यकाच्या उंबरठ्यावर क्षयाने गाठलेली कल्याणची कन्या

ठाणे / प्रतिनिधी

रुग्णाला तपासायचे तर वैद्याला त्याच्या जवळ जावेच लागते, आणि श्वासावाटे पसरणाऱ्या रोगात हे जवळ जाणेच धोक्याचे ठरते. करोनाच्या साथीत नेत्रचिकित्सकांनी हा धोका फार निकटून अनुभवला. त्या निमित्ताने स्मरण होते ते कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. ज्या काळात या धोक्याची नीटशी ओळखही पटली नव्हती, त्या काळात त्या वैद्यक शिकल्या आणि क्षयाला बळी पडल्या.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. कल्याणातील जोशी घराण्यात त्या वाढल्या. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर आणि वयाने वीसेक वर्षांनी मोठे. पत्नीने शिकलेच पाहिजे, या बाबतीत मात्र कमालीचे हट्टी. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, तो दहा दिवसच जगला. वेळेवर वैद्यकीय उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, या जाणिवेतून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला.

प्रकृती तेव्हाही धडधाकट नव्हती. तरीही ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कोलकात्याहून पतीविना अमेरिकेस प्रयाण केले. जाण्यापूर्वी श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून त्यांनी आपला हेतू समाजापुढे मांडला. न्यूजर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना मायेने आधार दिला. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेथील कडाक्याची थंडी, न मानवणारा आहार आणि अभ्यासाचा ताण सोसत त्यांनी हिंदू प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी संपादन केली. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

याच सुमारास क्षयाने त्यांच्या शरीरात घर केले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरलेली होती. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या अंथरुणाला खिळण्यासाठीच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कोल्हापूरची जागा रिकामीच राहिली.

हा संसर्ग नेमका कोठे झाला, हे त्या काळी सांगता येणे शक्यच नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला तो १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्या प्रस्थानाच्या जेमतेम वर्षभर आधी. क्षय आनुवंशिक असतो, असे मानणारे डॉक्टर तेव्हाही थोडे नव्हते. बोलताना व खोकताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून जंतू पसरतात, हे कार्ल फ्लुगे यांनी दाखविले आणि योहान मिकुलिझ यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी कापडी मुखपट्टी बांधली ती १८९७ मध्ये. तोवर आनंदीबाईंना जाऊन दहा वर्षे लोटली होती. क्षयावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती येण्यास १९४३ साल उजाडावे लागले.

ज्ञान वाढले तरी जवळ जाण्याची गरज सरलेली नाही. स्लिट लॅम्पवर डोळे तपासताना रुग्ण हनुवटी टेकवून बसतो आणि त्याच्या व डॉक्टरांच्या चेहऱ्यात वीतभरच अंतर उरते. चीनमधील वुहानचे नेत्रचिकित्सक ली वेनलियांग यांना काचबिंदूच्या, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या रुग्णाकडून करोनाची लागण झाल्याचे मानले जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये ते दगावले. त्यानंतर यंत्रावर पारदर्शक आडपडदा लावणे, दोघांनीही मास्क वापरणे, तपासणी चालू असताना बोलणे टाळणे, खोलीत हवा खेळती ठेवणे आणि तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलणे, असे उपाय जगभर अवलंबिले गेले.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील दवाखान्यांतही रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील अंतर वीतभरच असते. तेथे खोकणाऱ्या रुग्णाने स्वतःहून मास्क बांधला, तर डॉक्टरांचे आणि पाठीमागच्या रांगेतील प्रत्येकाचे रक्षण होईल. हाती घेतलेले काम सुरू होण्याआधीच गेलेल्या कल्याणच्या या कन्येचे तेही एक स्मरण ठरेल.