दीड डॉलरची शाळा : मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांचे जीवनकार्य

1873 साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. तेथे कायद्याने बेड्या तुटल्या होत्या. परंतु मुक्त झालेल्या माणसाला ताठ उभे राहण्याचे बळ कोण देणार, हा प्रश्न शिल्लकच होता. आपले अवघे आयुष्य देऊन त्या प्रश्नाचे उत्तर शोधणारी एक मुलगी त्यानंतर दोनच वर्षांनी, 10 जुलै 1875 रोजी, दक्षिण कॅरोलिना राज्यातील मेझव्हिल गावाजवळ जन्मली. तिचे नाव मेरी मॅक्लाउड. पुढे जग त्यांना मेरी मॅक्लाउड बेथ्यून या नावाने ओळखू लागले. एका निवासी शाळेच्या स्मरणिकेत त्यांचे स्मरण करणे सर्वार्थाने उचित आहे. कारण त्यांनी समाजसेवेचा आरंभ केला तो मुलींची एक लहानशी निवासी शाळा काढूनच.

सॅम्युअल आणि पॅट्सी या दांपत्याच्या सतरा अपत्यांपैकी मेरी पंधरावी. आईवडील दोघेही गुलामीत वाढलेले. मुक्तीनंतर राबराबून त्यांनी पाच एकर जमीन मिळवली होती आणि सारे कुटुंब कापूस वेचण्यात गुंतलेले असे. आई पूर्वीच्या मालकाच्या घरी अजूनही कामाला जाई. एकदा तिच्यासोबत गेलेल्या मेरीने तेथील एक पुस्तक सहज हाती घेतले, तेव्हा त्या घरातील गोऱ्या मुलीने तिला ते खाली ठेवायला लावले; वाचन हे तुझ्यासारखीचे काम नव्हे, असे बजावले. पुस्तक खाली ठेवले गेले, पण अक्षराची ओढ मनात कायमची रुजली.

मिशनची शाळा सुरू झाली, तेव्हा घरातून एकाच मुलाला पाठवणे शक्य होते. निवड मेरीची झाली. रोज कित्येक मैलांची पायपीट करून ती शिके आणि संध्याकाळी तेच घरच्यांना शिकवी. हिशेब येऊ लागताच शेजारपाजारचे शेतकरी कापसाचे वजन आणि दर तपासून घेण्यासाठी तिच्याकडे येऊ लागले. निरक्षरांना वजनात फसवले जाई. त्या लबाडीला एका शाळकरी मुलीच्या बेरजेने आळा बसू लागला. शिकलेल्या माणसाने समाजासाठी काय करावे, याचा पहिला धडा त्यांनी असा गिरवला.

पुढचे शिक्षण परक्या माणसाच्या कष्टाच्या पैशावर झाले. दूर डेन्व्हर येथील एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने एका होतकरू कृष्णवर्णीय मुलीसाठी आपल्या मिळकतीतील वाटा बाजूला काढला होता. त्यातून मेरी स्कॉशिया या मुलींच्या विद्यालयात शिकली आणि नंतर शिकागोला गेली. आफ्रिकेत जाऊन धर्मसेवा करावी ही तिची इच्छा होती. परंतु कृष्णवर्णीय व्यक्तीसाठी तेथे जागा नसल्याचे मिशन मंडळाने कळवले. निराश मनाने ती दक्षिणेत परतली आणि शिक्षिका झाली. आपली गरज आपल्याच अंगणात आहे, हे तेथे उमगले. 1898 मध्ये अल्बर्टस बेथ्यून यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

3 ऑक्टोबर 1904 रोजी फ्लोरिडातील डेटोना येथे एका भाड्याच्या घरात त्यांनी मुलींची शाळा उघडली. हाती भांडवल होते दीड डॉलर. विद्यार्थिनी होत्या पाच. सोबत स्वतःचा लहान मुलगा. खोक्यांची मेजे झाली, जळक्या लाकडाच्या काड्यांच्या पेन्सिली झाल्या, रानफळांच्या रसाची शाई झाली. झाडांवर लोंबणारे शेवाळ उकळून, वाळवून पोत्यांत भरले की त्याची गादी होई. रेल्वेच्या कामावरील मजुरांना रताळ्याचे गोड पदार्थ विकून बाई पैसा उभा करीत. शहराचा कचरा टाकण्याची दलदलीची जागा त्यांनी हप्त्याने विकत घेतली आणि तेथेच शाळेची इमारत उभी राहिली.

मदतीसाठी त्यांनी धनिक गोऱ्यांची दारेही ठोठावली. साबणाचे मोठे कारखानदार जेम्स गॅम्बल यांना त्यांनी विश्वस्त होण्याची विनंती केली, तेव्हा दाखवण्याजोगे फारसे काहीच नव्हते. जे अजून उभे राहायचे होते, त्याचेच विश्वस्तपद त्यांनी देऊ केले आणि ते स्वीकारले गेले. देणगीसाठी स्वाभिमान मात्र त्यांनी गहाण टाकला नाही. दक्षिणेत सर्वत्र वर्णाप्रमाणे वेगळे बसण्याची सक्ती असताना त्यांच्या शाळेच्या रविवारच्या कार्यक्रमांत गोऱ्या पाहुण्यांना इतरांमध्येच मिसळून बसावे लागे.

शाळेच्या भिंतीबाहेरची दुःखेही त्यांनी आपलीच मानली. टर्पेंटाइनसाठी झाडांचा चीक काढणाऱ्या मजुरांच्या वस्तीत विद्यार्थिनींना घेऊन त्या शिकवायला जात. एकदा एका विद्यार्थिनीला आंत्रपुच्छाचा तीव्र विकार झाला. गोऱ्यांच्या रुग्णालयाने महत्प्रयासाने तिला घेतले खरे, पण ठेवले मागच्या पडवीत. ते पाहून परतलेल्या बाईंनी 1911 मध्ये दोन खाटांचे रुग्णालय सुरू केले. तेथे मुलींना परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत या रुग्णालयाने मोठी सेवा केली. पुढे शहराच्या प्रशासनाला ती जबाबदारी आपल्याकडे घ्यावी लागली.

1920 मध्ये अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार मिळाला. परंतु दक्षिणेत मतदानाचा कर भरल्याशिवाय तो बजावता येत नसे. बाईंनी दारोदार फिरून करासाठी पैसे गोळा केले, रात्रीच्या वर्गांत प्रौढांना वाचायला शिकवले. त्या काळातील एका निवडणुकीच्या तोंडावर कू क्लक्स क्लानचे बुरखेधारी शाळेवर चालून आले. बाईंनी सारे दिवे लावले आणि त्या त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. मुली प्रार्थनागीते गाऊ लागल्या. ते आले तसे निघून गेले. दुसऱ्या दिवशी शंभराच्या आसपास मतदार बाईंच्या मागोमाग मतदान केंद्राकडे चालत गेले.

1923 मध्ये ही शाळा जॅक्सनव्हिलच्या कुकमन संस्थेशी जोडली गेली आणि पुढे त्यातून बेथ्यून-कुकमन महाविद्यालय आकारास आले. 1935 मध्ये बाईंनी कृष्णवर्णीय महिलांची राष्ट्रीय परिषद स्थापन केली. 1936 पासून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत राष्ट्रीय युवा प्रशासनातील कृष्णवर्णीयांच्या विभागाची धुरा त्यांनी वाहिली आणि हजारो तरुणांपर्यंत शिक्षणाचे व रोजगाराचे साहाय्य पोहोचवले. 1945 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेसाठी सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या परिषदेत त्या सल्लागार म्हणून उपस्थित होत्या. योगायोग असा की, त्याच वर्षी जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. त्याआधी दोन दशके, 1925 मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले होते. हजारो मैलांचे अंतर असलेल्या दोन समाजांना मुक्तीची वाट एकाच ठिकाणाहून सुरू होताना दिसली : मुलांना डोक्यावर छप्पर, पोटाला अन्न आणि हाती पुस्तक देण्यापासून.

18 मे 1955 रोजी डेटोना येथे बाईंचे निधन झाले. त्यांचा देह त्यांनी उभारलेल्या महाविद्यालयाच्या आवारातच विसावला आहे. 2022 मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनात फ्लोरिडा राज्याच्या वतीने त्यांचा संगमरवरी पुतळा बसवण्यात आला. तत्पूर्वी त्या राज्याचा प्रतिनिधी म्हणून तेथे उभा होता तो गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या पक्षाच्या एका सेनापतीचा पुतळा.

बाईंनी आधी मोठी योजना आखली आणि मग कामाला हात घातला, असे कोठेही दिसत नाही. समोर निरक्षर मुलगी दिसली, म्हणून शाळा. आजारी मुलगी पडवीत पडलेली दिसली, म्हणून रुग्णालय. मताविना माणूस दिसला, म्हणून रात्रीचा वर्ग. आपल्यापैकी अनेकजण वसतिगृहाच्या खोलीतून शिकून आज कार्यालयांत, रुग्णालयांत, न्यायालयांत पोहोचले आहेत. गावाकडचे कोणी अर्ज लिहून घ्यायला, शिष्यवृत्तीची माहिती विचारायला, मतदार यादीतले नाव तपासायला आपल्या दाराशी येते, तेव्हा कापसाचे वजन तपासून देणारी ती शाळकरी मुलगी आठवावी. सेवेचे तितके भांडवल आपणा प्रत्येकाजवळ आहे. त्यांच्याजवळ तर दीडच डॉलर होता.